चार वाजताची ओळ

बँकेत एकोणतीस वर्षं मी लोकांच्या सह्या बघितल्या. एका बाजूला चेक, दुसऱ्या बाजूला खातेदाराच्या नमुन्याच्या सहीचं कार्ड आणि मध्ये चष्मा लावून मी. खोटी सही कशी ओळखायची हे मला कोणी बसवून शिकवलं नाही, डोळ्यांनाच सवय लागली. नवीन मुली आल्या की त्यांना मी एक गोष्ट हटकून सांगायचे. सही नमुन्यापेक्षा जराशी वेगळी दिसली तर घाबरू नका, तंतोतंत जुळली तर मात्र थांबा. जिवंत माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही. तंतोतंत जुळलेली सही बहुतेक वेळा कोणीतरी खाली कागद ठेवून गिरवलेली असते.

या ज्ञानाचा मला फार गर्व होता. निवृत्त झाल्यावर तो कुठे मिरवायचा, हा प्रश्न माझ्या ब्लॉगने सोडवला. आणि त्याच गर्वात मी एका अशा माणसाला दाराबाहेर काढलं, ज्याचा आवाज आधीच गेलेला होता. ते कसं झालं तेवढंच मला सांगायचं आहे.

ब्लॉग सुरू झाला तो आई गेली त्या वर्षी. माझं माहेर आणि सासर दोन्ही वसईजवळच्या गिरीजमध्येच, मध्ये फक्त एक बावखल, म्हणजे वाडी शिंपण्यासाठी जुन्या लोकांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आईची खोली आवरताना माझ्या लक्षात आलं की तिला जे ठाऊक होतं त्यातलं निम्मंसुद्धा मी विचारून घेतलेलं नाही. राजेळी केळी सुकवून सुकेळी करायची, तर किती उन्हं द्यायची, केव्हा सोलायची, केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, किती घट्ट बांधायची, हे सगळं तिच्या हातात होतं आणि हातांबरोबर गेलं. उरलेलं तरी लिहून ठेवावं असं वाटलं. बँकेतली माझी एक मैत्रीण नालासोपाऱ्याला राहते. तिने एका दुपारी येऊन ब्लॉग उघडून दिला, फोटो कसे टाकायचे ते दाखवलं आणि जाताना दोन घड केळी घेऊन गेली.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच वाचक असायचा, बावखलाच्या पलीकडच्या वाडीतले काका. ते नात्याने आमचे कोणी नाहीत. पण आईची आणि त्यांची एक जोडी होती. मे महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापुढे रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होते. माळ संपली की पवित्र मरियेच्या नावांची लांबलचक विनवणी असते. एक जण पुढे उभं राहून एकेक नाव घेतं आणि बाकी सगळे प्रत्येक नावाला तेच उत्तर देतात, ‘आम्हांसाठी विनंती कर’. नावं घेणारी माझी आई. उत्तराला सुरुवात करणारे मागच्या रांगेतले काका. त्यांनी पहिला शब्द उचलला की सगळी गल्ली मागोमाग यायची. आईचा आवाज बारीक होता, काकांचा बावखलाच्या पलीकडे ऐकू जाईल एवढा. लहानपणापासून मी ते ऐकत आले.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते क्रुसापुढे आले नाहीत. कोणाकडे जाणं नाही, कोणी आलं तर उठून आतल्या खोलीत. आईच्या मातीला आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून निघून गेले. नंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा सुनेने चहा दिला, काका बाहेर आले नाहीत. आईबद्दल मी जे लिहिते ते बरोबर आहे की मनचं, हे सांगू शकेल असा तो गावात उरलेला एकटा माणूस होता. त्यांनी ते वाचावं यासाठी माझा जीव तुटत होता. शेवटी एका चिठ्ठीवर ब्लॉगचा पत्ता लिहून मी सुनेच्या हातात दिला. पुढे कित्येक महिने काही कानावर आलं नाही, म्हणून मी विचारायचंही सोडलं.

ब्लॉगवरच्या पहिल्या कॉमेंट्स आल्या तेव्हा मी हरखून गेले होते. बावखलावरच्या लेखाखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘आपल्या लेखनाने मी अत्यंत प्रभावित झालो आहे. या विषयावर इतकी मौल्यवान माहिती क्वचितच आढळते.’ मी तासभर बसून उत्तर लिहिलं. आभार मानले, तुमचं गाव कोणतं म्हणून विचारलं, वसईला येणं झालं तर जेवूनच जा असंही लिहिलं. दुसऱ्याने सुकेळ्यांच्या लेखावर लिहिलं की तो हे आपल्या सर्व सहकाऱ्यांना सांगणार आहे. त्यालाही आमंत्रण गेलं. आठवडाभराने मैत्रिणीने फोन करून सांगितलं की बाई गं, तू ज्याला जेवायला बोलावलंस तो गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आहे आणि दुसरा बाथरूमच्या लाद्या विकतो. नावावर बोट ठेवलं की सरळ त्यांच्या दुकानात जातं. नवरा त्या दिवशी जेवताना दोनदा विचारून गेला, लाद्यावाले शाकाहारी आहेत का म्हणून.

हसण्यावारी नेलं असतं, पण आईच्या शेवटच्या आजारपणावर मी जे लिहिलं होतं, त्याच्याखाली एक कॉमेंट आली. ‘उत्कृष्ट पोस्ट! मी नेमक्या अशाच सामग्रीच्या शोधात होतो.’ ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आईला हा सामग्री म्हणतो. त्या दिवशी मी ठरवलं की आता एकालाही आत सोडायचं नाही. ब्लॉगला कुलूप घातलं, म्हणजे मी मंजूर केल्याशिवाय कोणाचीही ओळ दिसणार नाही अशी सोय करून घेतली, आणि रोज सकाळी चहा झाला की चष्मा लावून बसू लागले. नवरा म्हणायचा, परत ड्युटी लागली वाटतं.

हळूहळू माझा हात बसला. खरा माणूस काहीतरी धरून बोलतो. नालासोपाऱ्याच्या मैत्रिणीने आमच्या घराचा फोटो बघून लिहिलं होतं, ‘मागे दोरीवर नवऱ्याच्या बनियनी दिसतायत, तेवढ्या काढ आधी.’ ही अस्सल कॉमेंट, डोळे मिटून मंजूर. खोट्यांची स्तुती मात्र कुठल्याही लेखाखाली चालली असती, केळ्यांच्या, बावखलाच्या, मरणाच्यासुद्धा. पुढे तेही शहाणे झाले. एकाने माझंच वाक्य उचलून परत मला दिलं, की तुम्ही म्हणता तसं बावखलाचं पाणी उन्हाळ्यातही गोड असतं, हे मला मनापासून पटलं. वाचताना छान वाटलं, खाली बघते तर पूर्णविरामात लिंक लपवलेली. तो पूर्णविराम निळा होता म्हणून सापडला. आणखी एकाने तर माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी लिहिलेली कॉमेंट जशीच्या तशी उचलून आपल्या नावाने टाकली. ‘आजीच्या हातच्या सुकेळ्यांचा वास अजून डब्याला येतो.’ हा गृहस्थ केसगळतीवरचं औषध विकत होता. त्याची आजी आमच्या डब्यापर्यंत कशी पोचली ते तोच जाणे. त्याला उडवताना मला जे समाधान मिळालं ते बँकेतसुद्धा फार थोड्या वेळा मिळालं होतं.

नियम दोनच होते. कितीही मोह झाला तरी नावावर किंवा लिंकवर बोट ठेवायचं नाही, हा पहिला. दुसरा बँकेतलाच, तंतोतंत सारखं आलं की संशय.

अशात ती केकवाली आली. म्हणजे कॉमेंटवरचं नाव कुठल्याशा घरगुती केकच्या दुकानाचं होतं, इंग्रजी, गोडगोड, बाजूला गुलाबी केकचं चित्र. खाली लिहिलेलं, ‘लेख वाचला. चांगला लिहिला आहे. असेच लिहीत जावे.’ मी म्हटलं, चला, आता केकही आले, आणि उडवली. पुढच्या लेखाला पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच शब्द. त्याच्या पुढच्यालाही. मी लेख टाकला की दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ही ओळ हजर. एक काना इकडचा तिकडे नाही. आमच्या आंब्याच्या झाडावर लिहिलं तरी तेच, गावातल्या जुन्या लग्नांवर लिहिलं तरी तेच. मी मैत्रिणीला फोनवर दाखला म्हणून सांगितलंसुद्धा, की बघ, यंत्र कसं ओळखायचं तर हे असं. घड्याळ लावून येतं आणि पाठ केलेलं बोलतं. भाषाही कशी कडक, खरा माणूस असं ‘लिहीत जावे’ म्हणतो का कधी.

दहाव्या-अकराव्या वेळेला मला कंटाळा आला. मी ते नाव कायमचं ब्लॉक केलं. आता ते थेट कचऱ्यात जाईल, मला दिसणारही नाही, आणि कचरा आपला आपण रिकामा होईल. हात झटकले आणि केळीला पाणी सोडायला गेले.

हे झालं मार्चमध्ये. मे उजाडला. क्रुसाला चुना लागला, फुलांच्या माळा चढल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी प्रार्थनेनंतर चणे वाटत असताना काकांची सून माझ्याजवळ आली. ती लग्न होऊन मिरा रोडहून आमच्या गावात आलेली, बोलायला मोकळी. पण त्या दिवशी ती बराच वेळ नुसती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “आंटी, पप्पांवर तुम्ही रागावलात का?”

मला काही कळेना. मी म्हटलं, मी कशाला रागावेन, त्यांची माझी तर भेटसुद्धा नाही. तेव्हा तिने सांगितलं. मी दिलेली चिठ्ठी तिने सासऱ्यांना दिली होती. त्यांना स्वतःचा फोन नको असतो, म्हणून ती दुपारी केकचं काम आटोपलं की आपला टॅब त्यांच्यापुढे ठेवायची. ते एका बोटाने पान खाली सरकवत सगळा लेख वाचायचे, दोनदा वाचायचे, आणि मग त्याच एका बोटाने खाली लिहायचे. टॅब तिच्या केकच्या नावाने उघडलेला, म्हणून नाव तेच जायचं. आधी काही दिवस त्यांना वाटलं, आपलं लिहिलेलं दिसत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. मग मार्चनंतर, पाठवलं की आधी ‘मंजुरीची वाट पाहत आहे’ असं यायचं, तेही येईना. तेव्हा ते म्हणाले, म्हणजे तसं लिहून दाखवलं, की तिला आवडत नसेल, राहू दे. आणि महिनाभर त्यांनी टॅबला हात लावलेला नाही.

माझ्या हातातला चण्यांचा द्रोण तसाच राहिला. ती केक करते हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या नातवाच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा केक तिनेच केलेला. पण आमच्या गावात केक कुंपणावरून हाक मारून सांगतात. त्याला दुकान असतं, दुकानाला इंग्रजी नाव असतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. नावावर बोट ठेवलं असतं तर तिच्या ओट्याचा फोटो दिसला असता, आणि तो ओटा मी शंभरदा पाहिलेला आहे. आणि ती कडक भाषा! आम्ही घरात आमची बोली बोलतो, पण हातात पेन आलं की जुनी माणसं मास्तरांनी शाळेत गिरवून घेतलेलं शुद्ध मराठी लिहितात. माझ्या बाबांची पत्रंसुद्धा अशीच असायची, ‘पत्र मिळाले, आनंद झाला.’ बाबांच्या त्या पत्रांवर मी स्वतः एक लेख लिहिला होता. त्याच्याखालीही काकांची ओळ आली असणार, आणि तीही मी उडवली असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. सुनेला म्हटलं, मी हॉलमध्ये बसते, ते बाहेर येईपर्यंत उठणार नाही, भले माझा नवरा उपाशी राहो. अर्ध्या तासाने काका आले. खूप वाळले होते. गळ्याभोवती पातळ रुमाल, त्याच्यावर त्यांचा सारखा हात. मी आधी रडले, मग सगळं सांगितलं, लाद्या, गुडघ्याचं तेल, निळा पूर्णविराम, काही लपवलं नाही. तेलवाल्याला जेवायला बोलावल्याचं ऐकून त्यांचे खांदे हलले. ते हसत होते, आवाज नव्हता एवढंच. त्यांना हसताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं आणि मला अजून जास्त रडू आलं.

शेवटी मी माझी बाजू मांडली, कारण माझा स्वभावच तसा. म्हटलं, काका, माझी चूक मोठी आहे, पण दर वेळी अक्षरशः तेच लिहिलंत तुम्ही. दुसरा एखादा शब्द टाकला असतात, आईचं नाव घेतलं असतंत, तर मी ओळखलं असतं. एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की तंतोतंत सारखं ते खोटं.

काकांनी सुनेकडे हात केला. तिने टॅब दिला. ते एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहीत होते, मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बराच वेळ लागला. मग त्यांनी टॅब माझ्याकडे वळवला. त्यावर लिहिलं होतं, ‘क्रुसापुढे तू दर वेळी निराळे उत्तर देतेस काय?’

मी टॅबवरची ओळ पुन्हा वाचली. आई एकेक नाव घेत होती आणि मागून एकच उत्तर येत होतं, पन्नास वेळा तेच, आणि त्या उत्तरात कधी कोणाला खोट दिसली नव्हती. आई गेल्यावर ब्लॉगवर मी नावं घ्यायला उभी राहिले होते. ते मागच्या रांगेतून उत्तर देत होते.

घरी येऊन मी ब्लॉक काढला आणि कचऱ्याची पेटी उघडली. ती रिकामी होती. आधीच्या दहा-अकरा ओळी मी स्वतःच्या हाताने पुसलेल्या होत्या, त्या कुठून येणार. मैत्रिणीला विचारलं, तीही नाही म्हणाली. आंब्याच्या लेखाखाली, जुन्या लग्नांखाली, बाबांच्या पत्रांखाली जिथे त्यांचं उत्तर हवं होतं तिथे आता काही नाही. ते भरून येण्यासारखं नाही आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मग मी एक लेख लिहिला, क्रुसापुढे आई आणि काका कसे उभे राहायचे त्यावर. दुसऱ्या दिवशी चार वाजता ओळ आली. गुलाबी केकचं चित्र, खाली, ‘लेख वाचला. चांगला लिहिला आहे. असेच लिहीत जावे.’ मी मंजूर केली. तासाभराने आणखी एक आली, तेच शब्द, नाव त्यांच्या सुनेचं, स्वतःचं. मग भाचीचं कॅनडाहून. मग क्रुसाजवळच्या घरातल्या दोघी बहिणींचं. सुनेने त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं होतं की पप्पा हल्ली उत्तर कुठे देतात. नालासोपाऱ्याच्या मैत्रिणीने तर मराठी शुद्ध लिहायचं म्हणून दोनदा फोन करून विचारलं.

तेव्हापासून दर लेखाखाली हे असंच चालतं. काका सुरुवात करतात आणि मागून सात-आठ जण येतात, काना-मात्रेचा फरक नाही. साहजिकच ब्लॉगचं यंत्र त्या सगळ्यांना खोटं ठरवतं आणि कचऱ्यात टाकतं. त्याचं काही चुकत नाही, ती ओळ पुन्हा पुन्हा उडवून मीच त्याला तसं शिकवलं. आता मी सकाळी बसत नाही. दुपारी चार वाजून गेले की चष्मा लावते, कचऱ्याची पेटी उघडते, आणि एकेक ओळ उचलून परत जागेवर ठेवते, आधी काकांची.